नालोंगोच्या नावावरचा नंबर

२५ सप्टेंबर २०१८, मंगळवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गौदेन्सिया नाकावुमानं कोलेता म्हातारीच्या फोनवर दोनशे शिलिंग भरले.

जुलैच्या एक तारखेपासून हा नवा कर लागू झाला होता. व्हॉट्सअॅप, फेसबुक असलं काही उघडायचं तर आधी त्या दिवसाचे दोनशे शिलिंग सरकारजमा करायचे आणि मगच तोंड उघडायचं. लोक फोनवर बसून कुटाळक्या करतात, तर त्यांनी कुटाळकीची किंमत मोजावी, असं वरून सांगण्यात आलं होतं. लोकांनीही मग त्याचं नाव कुटाळकी कर असंच पाडलं. लुकायाच्या हमरस्त्यावर बसच्या खिडक्यांतून भाजलेली कोंबडी विकली जाते. त्या कोंबड्यांची पिसं काढायचं काम कोलेता करायची, आणि एका कोंबडीमागे तिला दोनशे शिलिंग मिळायचे. एक कोंबडी साफ केली की एका दिवसाचं बोलणं. त्या सकाळी मात्र तिनं एकही कोंबडी हातात घेतलेली नव्हती. पहाटे तिचा थोरला भाऊ गेला होता.

"संध्याकाळी देते, नालोंगो," ती म्हणाली.

"आधी बोलून घे, जाजा. दोनशे शिलिंग काय पळून जातायत?"

जाजा म्हणजे आजी, आणि नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. ज्या बाईला जुळं होतं तिला पुढे कोणी नावानं हाक मारत नाही; हा तिचा मान असतो. गौदेन्सियाच्या जुळ्या मुलींना त्या वर्षी एकतीस वर्षं पुरी झाली होती. म्हणजे एकतीस वर्षांत तिचं खरं नाव फक्त दोन ठिकाणी उरलं होतं. एक चर्चच्या वहीत आणि दुसरं सरकारच्या यंत्रात.

नालोंगोची टपरी पत्र्याची, रस्त्याला लागून. आत एक खुर्ची, एक कपाट, आणि फडक्यात गुंडाळून ठेवलेलं बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र. फोनवरून पैसे पाठवणं, आलेले पैसे काढून देणं, नवी सिमकार्डं विकणं आणि ती माणसाच्या नावावर चढवणं हा तिचा धंदा. त्याआधी एकोणीस वर्षं ती कॉफीच्या सहकारी गोदामात काट्यावर बसत असे. काट्यावरच्या माणसाची शिस्त तिच्या अंगात मुरलेली होती. फॉर्म भरताना ती अक्षर रेघेबाहेर जाऊ देत नसे. गिऱ्हाइकाचं बोट यंत्रावर ठेवण्याआधी स्वतःच्या रुमालानं पुसत असे. २०१४ साली सरकारनं सगळ्या देशाची ओळखपत्रं काढायला घेतली तेव्हा नोंदणीच्या मेजावर बसायला गावातून तिचंच नाव सुचवलं गेलं होतं.

त्या वेळी गावातले काही लोक बोट द्यायला बिचकले होते. एका सुतारानं तर तोंडावरच विचारलं होतं, की आमची बोटं घेऊन सरकार करणार काय? नालोंगोनं त्याला चारचौघांत झापलं होतं. "तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय रे? दोन करवती आणि एक बायको!" सगळे हसले. सुतारानं मुकाट्यानं बोट पुढे केलं. हे वाक्य तिनं पुढे शेकडो जणांना ऐकवलं, आणि प्रत्येक वेळी मनापासून.

पण कोलेताचं बोट काही उमटलं नाही.

चाळीस वर्षं उकळत्या पाण्यातून कोंबड्या काढून पिसं उपटली की बोटांवर काही शिल्लक राहत नाही. कोलेताची बोटं नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत झाली होती. पहिल्या खेपेला यंत्रानं नकार दिला. आठ दिवस काम बंद ठेवून या, असं तिला सांगितलं. तिनं आठ दिवस उपास काढले आणि गेली. मग लिंबू चोळून या म्हणाले, मग तेल लावून या म्हणाले. जिल्ह्याच्या कचेरीत तिच्या पाच खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला खिडकीतल्या मुलीनं समजावलं, "आजी, तुमची नोंद होत नाही." कोलेतानं विचारलं, "मग मी करू काय?" त्या मुलीला याचं उत्तर शिकवलेलं नव्हतं.

२०१७ साली हुकूम आला की ओळखपत्र नसलेल्यांचे नंबर बंद होणार, आणि कोलेताचा नंबर बंद झाला. तिचा भाचा आन्सेल्मी दुबईत पहारेकरी होता. दर रविवारी तो आत्याला फोन करायचा आणि जमेल तसे चार पैसे पाठवायचा. म्हातारी दोन आठवडे बंद फोन उशाशी घेऊन झोपली. तिसऱ्या आठवड्यात नालोंगोनं स्वतःच्या ओळखपत्रावर एक नवा नंबर काढून तिच्या हातात दिला. आणखी दोन बायकांनाही तिनं असेच नंबर काढून दिले होते.

यात काही चूक आहे असं तिला वाटलं नाही. गावात कोणालाच वाटलं नसतं. फोन येण्याआधी सगळ्या गावाची पत्रं चर्चच्या एकाच टपालपेटीच्या क्रमांकावर येत. पेटी पाद्रीबाबांची, पत्रं ज्याची त्याची. रविवारी प्रार्थना संपली की पाद्रीबाबा एकेक नाव वाचून पत्र हातात देत. कोणाच्या पत्रात काय लिहिलंय म्हणून कोणी कधी पाद्रीबाबांना धरून नेलं नव्हतं. नालोंगोच्या हिशेबी तिचं ओळखपत्र म्हणजे तशी एक पेटी होती.

तर त्या मंगळवारी कोलेतानं टपरीच्या पायरीवर बसून निरोप बोलून पाठवला. तिला लिहिता येत नसे. आन्सेल्मीनं दिलेल्या फोनवर बटण दाबून धरायचं आणि बोलायचं एवढं नालोंगोनं तिला शिकवलं होतं. गावात बायकांचं एक मंडळ होतं. कोणाच्या घरी मयत झालं की प्रत्येकीनं काहीतरी घेऊन धावायचं, असं. त्या मंडळाच्या गटावर तिनं निरोप टाकला. आवाज रडून बसलेला होता, पण शब्द स्वच्छ होते.

"बायांनो, थोरले गेले. पोरांना एवढ्यात कळू देऊ नका, जमिनीवरून भांडत बसतील. त्यांना बर्फात ठेवलंय. परदेशातून आन्सेल्मी येतोय, तो आला की शनिवारी सगळ्यांना सांगू. गादीवर कोण बसायचं ते तेव्हाच ठरेल. सालीचं कापड घेऊन या."

सालीचं कापड म्हणजे झाडाची साल कुटून केलेलं, मयताच्या वेळी लागतं ते. थोरले म्हणजे कुळातला सगळ्यात वडील पुरुष. कोलेताचे थोरले म्हणजे गेरेवाझियो, वय अठ्ठ्याऐंशी, दीड एकर केळी आणि दोन शेळ्यांचे धनी. प्रत्येक घराण्यात असा एक थोरला असतो, तो गेला की त्याची गादी असते, वारस असतो आणि भांडणारी पोरंही असतात. पण सगळ्या देशात आणखी एक माणूस असा होता की ज्याला कोणी नावानं न म्हणता नुसतं थोरले म्हणत. तो राजधानीत होता आणि जिवंत होता.

मंडळातल्या कोणीतरी निरोप आपल्या बहिणीला पाठवला. बहिणीनं नवऱ्याला पाठवला. नवरा राजधानीच्या बसवर कंडक्टर. त्यानं बसमध्ये मोठ्यानं लावला. थोरले गेले, बर्फात ठेवलंय, पोरांना सांगू नका, गादीवर कोण बसणार. दुपारी दोनपर्यंत राजधानीत दुकानदार शटरं अर्धी ओढून रस्त्याकडे बघू लागले होते. एकानं तर फोनच्या पडद्यावरचं मंडळाच्या गटाचं चित्रच काढून नंबरासकट पुढे ढकललं. संध्याकाळी रेडिओवर सांगण्यात आलं की थोरले ठणठणीत आहेत आणि अफवा पसरवणाऱ्यांची गय केली जाणार नाही.

लुकायात ते ऐकून बायका हसल्या. कोंबडीच्या टोपल्यांपाशी एकीनं दुसरीला विचारलं, "अगं, हे कुठले थोरले म्हणायचे? आपले की त्यांचे?" दुसरी म्हणाली, "आपले नक्की गेले. त्यांचं मला ठाऊक नाही." हसताना एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नाही, की निरोप कोलेताचा असला तरी नंबर नालोंगोच्या नावावर होता.

सरकारच्या ते चार तासांत ध्यानात आलं. ज्या सरकारला कोलेताची बोटं चार वर्षांत सापडली नव्हती, त्याला तिचा आवाज एका दुपारीत सापडला. फक्त आवाजाखाली त्यानं नाव दुसऱ्याच बाईचं लिहिलं.

गुरुवारी सकाळी टपरीसमोर एक गाडी येऊन थांबली. देशातल्या प्रत्येक फोनच्या नंबराला नाव मागणाऱ्यांच्या या गाडीला स्वतःचा नंबर नव्हता. दोघे उतरले. गौदेन्सिया नाकावुमा कोण, असं विचारलं. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला की या नावाची इथे कोणी नाही, आणि ते तो खरंच बोलत होता. इतक्या वर्षांच्या शेजारात त्याला ते नाव कळलंच नव्हतं. नालोंगो मात्र स्वतः उठून उभी राहिली. तिला वाटलं कसलीतरी तपासणी असेल, आणि कागद तर तिचे चोख होते. तिनं ठशांचं यंत्र फडक्यात नीट गुंडाळून बरोबर घेतलं, कपाटाला कुलूप लावलं आणि मुलीला निरोप ठेवून गाडीत बसली. यंत्र, फोन आणि किल्ली गाडीतच तिच्याकडून काढून घेण्यात आली.

कचेरी शहरात होती. समोर बसलेला साहेब तिशीतला, कॉम्प्युटरची पदवी घेतलेला, बोलायला सभ्य. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एक छापील कागद पुढे सरकवला. कोलेताचा निरोप कोणीतरी इंग्रजीत उतरवला होता. त्यात थोरले या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं काढलं होतं, जसं राजाच्या किंवा देवाच्या नावाचं काढतात.

नालोंगोनं कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "साहेब, हे मोठं अक्षर कोणी काढलं?"

"भाषांतर करणाऱ्यानं."

"बोलण्यात मोठं अक्षर कुठून आलं? आवाजाला मोठं अक्षर नसतं. तो निरोप लावा ना. ऐका तरी. म्हातारं माणूस रडतंय त्यात."

आवाज राजधानीत पुरावा म्हणून जमा आहे, असं साहेबानं सांगितलं. इथे फक्त कागद आला होता. मग त्यानं कायद्याचं कलम वाचून दाखवलं. फोनवरून वारंवार निरोप पाठवून कोणाची शांतता किंवा कोणाचा खासगीपणा भंग केला तर तो गुन्हा.

नालोंगोला आधी नीट कळलं नाही. तिनं ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग हळूहळू तिचे कान तापले. एका घरातलं मयत, त्या घरातल्या म्हातारीनं आपल्या बायकांना रडत सांगितलेली घरची गोष्ट. ती कोणीतरी परक्यानं ऐकली, उतरवली, भाषांतरली, छापली, फायलीला लावली. आणि खासगीपणा भंग झाला तो कोणाचा, तर फाइल लावणाऱ्यांच्या धन्याचा.

"वारंवार म्हणजे किती वेळा, साहेब? निरोप तर एकदाच गेला."

"चारशे जणांनी पुढे पाठवला. ते वारंवारच झालं."

"मग त्या चारशे जणांना आणा."

"नंबर तुमच्या नावावर आहे," साहेब शांतपणे म्हणाला. हे वाक्य तो पुढच्या तीन दिवसांत इतक्या वेळा म्हणाला, की खरं तर वारंवारचं कलम त्यालाच लागायला हवं होतं.

मग त्यानं सोपा मार्ग दाखवला. नंबर तुम्ही वापरत नसाल तर वापरणाऱ्याचं नाव सांगा, आणि आत्ता घरी जा. नाहीतर जबाबावर सही करा की निरोप तुमचाच आहे.

नालोंगोनं मनाशी दिवस मोजले. आज गुरुवार. आन्सेल्मीचं विमान शुक्रवारी रात्रीचं. दफन शनिवारी दोन वाजता. त्यानंतर वारसाच्या खांद्यावर सालीचं कापड टाकायचं ते थोरल्याच्या बहिणीनं. ती नसेल तर वारस उभा राहत नाही आणि भांडणाला तोंड फुटतं. गेरेवाझियोला बहीण एकच उरली होती. आत्ता नाव सांगितलं तर तासाभरात ती बिननंबराची गाडी केळीच्या बागेत शिरेल आणि भावाला मातीत घालण्याआधी म्हातारी या खुर्चीवर बसलेली असेल.

"सोमवारी सांगते," ती म्हणाली.

"आज का नाही?"

"आज सांगण्यासारखं नाही."

साहेबानं पेन उचललं. त्याला वाटलं, बाई कोणा मोठ्या माणसाला वाचवतेय. त्यानं तसं लिहूनही घेतलं. तिला कोठडीत नेलं. तिथे आणखी सहा बायका होत्या. एक दारू गाळणारी, एक बिनपरवाना केळी विकणारी, बाकीच्यांना आपण कशासाठी आहोत तेच माहीत नव्हतं.

शुक्रवारी तिची जुळ्यांतली धाकटी मुलगी नाकातो जेवण घेऊन आली. केळ्याची उकड आणि शेंगदाण्याची आमटी. पहारेकऱ्यानं आमटीत काठी घालून ढवळून बघितली, मग डबा आत सोडला. नाकातो रडून लाल झाली होती. ती कुजबुजली, "आई, नाव सांग आणि बाहेर ये. ती ऐंशीला टेकलेली म्हातारी. तिला कोण काय करणार आहे?"

"हेच मी सगळ्या गावाला सांगत फिरले," नालोंगो म्हणाली. "सरकार काय करणार आहे, तुमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय. त्या सुताराला तर मी हसले होते."

नाकातोनं डोळे पुसले.

"माझ्याकडे लपवायला काही नव्हतं, पोरी. आता एका म्हातारीचं रडणं आहे. शनिवारपर्यंत लपवते. जाजाला इकडे फिरकू देऊ नका. कापड टाकून होऊ दे."

पहारेकऱ्यानं वेळ संपल्याचं सांगितलं. नाकातो रिकामा डबा घेऊन गेली.

शनिवारी साहेबानं पुन्हा बोलावलं. कायद्याप्रमाणे अठ्ठेचाळीस तासांत कोर्टापुढे न्यायला हवं होतं. ते तास सकाळीच संपले होते. नालोंगोनं ते बोलून दाखवलं. साहेब म्हणाला, शनिवार-रविवार धरत नाहीत. ती म्हणाली, कोंडताना तर धरता. त्यानं जबाबाचा कागद पुन्हा पुढे सरकवला. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. नालोंगो जबाबाकडे न बघता त्या घड्याळाकडे बघत बसली. दोन वाजले तेव्हा तिनं छातीवर क्रूसाची खूण केली. साहेबानं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, एका ओळखीच्या माणसाला माती दिली जातेय. त्या कागदावर हेच लिहिलेलं होतं. तरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. कागदावरचं मोठं अक्षर त्याच्या आड येत होतं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर कोलेता स्वतः आली. सुतकातला सालीच्या कापडाचा पट्टा अजून कमरेला बांधलेला, बरोबर मंडळातल्या तीन बायका. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवूही शकलं नव्हतं. ती सरळ साहेबाच्या मेजासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "माझ्या पोरीला सोड. निरोप माझा आहे. ऐक."

आणि तिनं तो सगळा निरोप तिथे पुन्हा बोलून दाखवला, शब्दाला शब्द, त्याच आवाजात.  कोपऱ्यातला टायपिस्ट टाइप करायचा थांबला.

साहेब खरं तर सुटल्यासारखा झाला. प्रकरण मिटत होतं. त्यानं कॉम्प्युटर पुढे ओढला आणि म्हातारीचा ओळखपत्र क्रमांक विचारला. क्रमांक नव्हता. मग ठसा देऊ या, म्हणाला, आणि नालोंगोकडून जप्त केलेलंच यंत्र त्यानं मेजावर ठेवलं. कोलेताचा उजवा अंगठा लावला. नाही. तर्जनी लावली. नाही. एकामागून एक दहा बोटं लावून झाली. त्यानं यंत्राची काच शर्टाच्या बाहीनं पुसली आणि दहा बोटं पुन्हा लावली. नालोंगोला आणून बाजूला बसवलं होतं. ती हे बघत होती, आणि कधी नव्हे ती रुमाल काढून द्यायला पुढे झाली नाही.

"जबाब घेता येत नाही," शेवटी साहेब म्हणाला. "क्रमांक नाही, ठसा नाही. पानच उघडत नाही."

"म्हणजे काय?" कोलेतानं विचारलं.

"यंत्राच्या हिशेबी तुम्ही नाही, आजी."

"मी नाही, तर तुझ्यासमोर बसलंय कोण?"

"मला दिसताय तुम्ही. पण यंत्राला..."

"कर घेताना तुझ्या यंत्रानं माझी बोटं विचारली नव्हती," कोलेता म्हणाली. "दोनशे शिलिंग घेतले तेव्हा मी होते. रडले तेव्हा होते, ते तर तुम्ही राजधानीपर्यंत ऐकलंत. आणि आता कबूल करायला आले तर मी नाही?"

बरोबरच्या बायकांपैकी एक हसली. बाकीच्या दोघी हसल्या नाहीत. साहेबानं मान खाली घालून यंत्र बंद केलं. तो वाईट माणूस नव्हता. हीच त्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हा तर सगळं ऐकत होता, त्याला सगळं पटत होतं, आणि शेवटी तो न उघडणाऱ्या पानाकडे बोट दाखवत होता.

नंबरावर नाव एकच होतं आणि त्या नावाची बोटं उमटत होती. म्हणून निरोप गौदेन्सिया नाकावुमाचाच ठरला. रविवारी संध्याकाळी तिला हमीवर सोडलं. दर मंगळवारी कचेरीत येऊन हजेरी द्यायची, बोट लावून. खटला कोर्टात कधी उभा राहणार ते सांगितलं नाही. फोन पुरावा म्हणून ठेवून घेतला.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. धंद्याचा परवाना थांबवला होता. तिच्या ओळखपत्रावरचे सगळे जादा नंबर बंद केले होते, म्हणजे कोलेताचा आणि त्या दोघींचा. आन्सेल्मी दुबईला परतला होता. आता तो रविवारी चर्चच्या सेवकाच्या फोनवर फोन करी, आणि प्रार्थना संपली की सेवक बाहेर येऊन कोलेताच्या नावानं हाक मारी. एवढे खांब, एवढ्या तारा, एवढे ठसे करून म्हातारी पुन्हा चर्चच्या पेटीवरच येऊन ठेपली.

जानेवारीत साहेबानं एका मंगळवारी नालोंगोला थांबवून घेतलं. यंत्र परत मिळेल, परवानाही मिळेल, म्हणाला. फक्त गावात कोण कोणाच्या नावावरचा नंबर वापरतं, त्याची यादी महिन्याला एकदा द्यायची. त्यानं ते अगदी मायेनं सांगितलं. टपरी चार महिने बंद होती आणि नालोंगोच्या घरी एकटी नाकातो कमावत होती.

"साहेब, त्या गावाची बोटं मीच तुम्हाला आणून दिली," ती म्हणाली. "रुमालानं पुसून दिली. आता कान मागू नका."

"विचार करा, नालोंगो." एवढ्या दिवसांत तिला त्यानं प्रथमच असं म्हटलं होतं.

"तुमच्या कागदात गौदेन्सिया आहे," ती म्हणाली. "तेच राहू दे."

फेब्रुवारीपासून ती कोलेताशेजारी बसून कोंबड्यांची पिसं काढू लागली. सुरुवातीला बोटं भाजली. कोलेता म्हणायची, "काट्यावर बसायचीस तेव्हा कॉफी वजनानं बघितलीस, आता कोंबडी आतून किती गरम असते ते बघ." बायका हसायच्या. नालोंगोची शिस्त इथेही सुटली नाही. तिनं साफ केलेल्या कोंबडीवर एक पिसाचा देठ राहत नसे.

२५ जून २०१९, मंगळवार. नालोंगोनं कचेरीत नेहमीप्रमाणे उजवी तर्जनी यंत्रावर ठेवली आणि यंत्रानं ती नाकारली. दुसरं बोट लावलं, तेही नाकारलं. कारकुनानं सांगितलं, हात धुऊन या. ती हात धुऊन आली. तरी नाही. साहेब बाहेर आला. नऊ महिने दर मंगळवारी बघितलेला चेहरा त्यानं बघितला, यंत्राच्या पडद्याकडे बघितलं आणि कारकुनाला काय लिहायचं ते सांगितलं. कारकुनानं तिच्यासमोर बसून, तिच्याकडे बघत, गौदेन्सिया नाकावुमाच्या नावापुढे गैरहजर असं लिहिलं.

तिनं ते वाचलं. मग ती उठली, बस पकडून लुकायाला आली आणि दुपारच्या कोंबड्यांची पिसं काढायला बसली. गैरहजेरीबद्दल वॉरंट निघेल असं तिला सांगण्यात आलं होतं. ते गौदेन्सिया नाकावुमाच्या नावानं निघणार होतं, आणि त्या नावानं विचारत आलं कोणी, तर पंक्चरवाला काय सांगेल ते तिला ठाऊक होतं.

२५ सप्टेंबरचे ते दोनशे शिलिंग कोलेताकडून अजून येणे आहेत.